खोकल्यापासून शेवटच्या गोळीपर्यंत

२०२४ च्या दिवाळीनंतर, कापसाची वेचणी ऐन भरात असताना, मला खोकला लागला. आमच्या चोपडा तालुक्यात त्या दिवसांत खोकणाऱ्या माणसाकडे कोणी वळूनही पाहत नाही. जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांतून उडणारे कापसाचे तंतू, रब्बीसाठी तयार होणाऱ्या काळ्या रानाची धूळ आणि पहाटे तापीच्या अंगाने येणारी थंडी अशी तीन कारणे प्रत्येकाच्या तोंडी तयार असतात, आणि मीही स्वतःला तीच सांगत होतो. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. सोळा वर्षे मी वर्गात सांगत आलो आहे की दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्रीचा घाम आणि घटणारे वजन ही क्षयरोगाची लक्षणे आहेत. यांपैकी चारही लक्षणे माझ्या अंगावर होती, तरी माझी थुंकी पहिल्यांदा तपासली जायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांबद्दल आधी लिहिले पाहिजे, कारण पुढच्या सहा महिन्यांच्या उपचारात मला जेवढा त्रास झाला त्याहून अधिक नुकसान या दोन महिन्यांत झाले, आणि ते केवळ माझे नव्हते.

पहिल्या दवाखान्यात मला खोकल्याचे पातळ औषध आणि पाच दिवसांच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या मिळाल्या. खोकला थोडा बसला आणि पुन्हा उसळला. दुसऱ्या डॉक्टरांनी नळी लावून छाती तपासली, ‘कफ साचला आहे’ असे सांगितले आणि सात दिवसांसाठी लिव्होफ्लॉक्सासिन दिले. त्या सात दिवसांत मला खरोखर बरे वाटले. ताप उतरला, भूक लागली, आणि मी घरी सांगितले की आता सगळे आटोपले. डिसेंबरच्या मध्यावर तोच ताप परत आला, तेव्हा मी त्याच गोळ्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणल्या. हा माझा अपराध आहे आणि तो मी लपवू इच्छित नाही. पुढे तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांनी मला समजावले की या गटातील औषधे क्षयाच्या जंतूंवरही काही प्रमाणात काम करतात. त्यामुळे रुग्णाला चार-आठ दिवस उतार पडल्यासारखे वाटते, निदान लांबते, आणि एकट्याने दिलेल्या त्या औषधाला जंतू सरावण्याचा धोका राहतो. तो सरावला तर प्रतिरोधी क्षयासाठी राखून ठेवलेले एक मोलाचे औषध हातचे जाते. दोन्ही डॉक्टरांनी मला खोकला किती दिवसांपासून आहे हे विचारले होते आणि मी खरे उत्तर दिले होते. त्या उत्तरानंतर थुंकीची तपासणी लिहून देण्यासाठी एक ओळ पुरेशी होती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सकाळी मोरीत खाकरलो तेव्हा बोटाच्या नखाएवढे रक्त दिसले. बायकोने ते पाहिले आणि काही न बोलता आमच्या गल्लीतल्या आशाताईंना फोन केला. त्या दहा मिनिटांत आल्या. त्यांनी मला एकही औषध दिले नाही, धीराचे लांबलचक बोलणे केले नाही, फक्त पिशवीतून झाकणाची एक डबी काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, ‘सर, थुंकी नको, बेडका पाहिजे.’

हा फरक मला तोपर्यंत ठाऊक नव्हता. तोंडातली लाळ डबीत टाकली तर तपासणी फुकट जाते. चूळ भरून तोंड स्वच्छ करायचे, उघड्या हवेत माणसांपासून दूर उभे राहायचे, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन तो क्षणभर रोखायचा आणि मग छातीच्या तळापासून खोकून जो घट्ट पदार्थ येईल तोच डबीत घ्यायचा. एक नमुना त्याच वेळी आणि दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर, कारण रात्रभर छातीत साचलेल्या स्रावात जंतू सापडण्याची शक्यता अधिक असते. मी घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर जाऊन, केळीच्या बागांकडे तोंड करून पहिला नमुना दिला. सोळा वर्षांत मी मुलांना जंतूचे नाव शिकवले, त्याचा शोध रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला हे शिकवले, पण डबीत काय द्यायचे हे एकदाही सांगितले नव्हते. यंदा ते सांगितले आहे.

तालुक्याच्या रुग्णालयात माझा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याऐवजी थेट ट्रूनॅट यंत्रावर गेला. काचपट्टी रंगवून जंतू शोधण्याची जुनी पद्धत स्वस्त आणि आजही उपयोगी आहे, पण तिच्यात जंतू दिसायचे तर एक मिलिलिटर थुंकीत ते हजारोंनी असावे लागतात, आणि दिसलेला जंतू कोणत्या औषधाला दाद देणार नाही हे डोळ्यांना कळत नाही. ट्रूनॅट जंतूच्या जनुकाचा तुकडा वाढवून शोधते. हे यंत्र गोव्यातल्या एका कंपनीने तयार केले आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. ते बॅटरीवर चालते, ही गोष्ट भारनियमन सोसलेल्या खान्देशातल्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आधी क्षयाचा जंतू आहे की नाही ते कळते, आणि तो असेल तर दुसऱ्या चिपवर रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला तो प्रतिरोधी आहे का ते पाहतात. सकाळी दिलेल्या डबीचे उत्तर दुपारच्या जेवणाआधी आले. जंतू होता, रिफाम्पिसिनचा प्रतिरोध नव्हता. दुसरा नमुना आयसोनियाझिड या दुसऱ्या प्रमुख औषधाच्या प्रतिरोधाची तपासणी करण्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेकडे रवाना झाला आणि काही दिवसांनी तिथूनही चांगलेच उत्तर आले. दोन महिने ज्याला कोणी नाव दिले नव्हते त्या आजाराला एका सकाळीत नाव मिळाले, आणि त्यासाठी मला एक रुपयाही द्यावा लागला नाही.

त्याच दिवशी छातीचा एक्स-रे निघाला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात ढगासारखा डाग होता. रक्तातील साखर तपासली आणि एचआयव्हीची चाचणीही झाली. चाचणीचे नाव ऐकून मला अपमान झाल्यासारखे वाटले, तेव्हा तिथल्या समुपदेशक बाईंनी शांतपणे सांगितले की ही चाचणी क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची करतात, कारण प्रतिकारशक्ती ज्या कारणाने कमी झाली असेल ते कारण तसेच ठेवून क्षय बरा करणे कठीण असते. मधुमेहाचेही तसेच आहे. दोन्ही अहवाल निर्दोष आले. माझे नाव निक्षय या सरकारी प्रणालीत नोंदले गेले आणि मला एक क्रमांक मिळाला. बँकेच्या पासबुकाची प्रत घेतली. वजन भरले ५१ किलो. दिवाळीत ते ५८ होते.

घरी सांगण्याचा प्रसंग मला रुग्णालयापेक्षा जड गेला. आमच्या घराण्यात माझ्या आजोबांच्या भावाला क्षय झाला होता. त्यांना शेतातल्या खोपटात ठेवले होते, ताटली वेगळी, तांब्या वेगळा, आणि जेवण बांधावर ठेवून घरची माणसे मागे फिरत, ही हकीकत आईने मला लहानपणी अनेकदा सांगितली होती. ते त्या खोपटातच वारले. त्यामुळे मी संध्याकाळी ओट्यावर बसलो तेव्हा आईला काय आठवेल हे मला माहीत होते. मी स्वतःच म्हणालो, ‘मी मळ्यातल्या खोलीत राहतो.’ आईने माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, ‘कोठेच जावानं नही. आठेच ऱ्हाय.’

आई हे मायेपोटी म्हणाली, पण शास्त्रही तिच्याच बाजूचे आहे. १९५९ मध्ये मद्रासच्या क्षयरोग उपचार केंद्राने एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवून, चांगले अन्न आणि विश्रांती देऊन उपचार केले, आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या गरीब घरांतच ठेवून तीच औषधे दिली. बरे होण्याच्या प्रमाणात मोठा फरक पडला नाही, आणि घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांत आजारही अधिक पसरला नाही, कारण जी लागण व्हायची ती बहुतेक निदानाच्या आधीच होऊन गेलेली असते. योग्य औषध सुरू झाले की संसर्ग देण्याची शक्ती वेगाने ओसरते. जगभरची आरोग्यधामे ओस पडण्यामागे हा भारतीय अभ्यास आहे, आणि आमच्या आजोबांचा भाऊ ज्या खोपटात राहिला त्याची गरज नव्हती, हे मला त्या रात्री प्रथमच नीट उमगले. क्षय हवेतून पसरतो, ताट-वाटीतून नव्हे. म्हणून आम्ही भांडी वेगळी केली नाहीत, खिडक्या उघड्या केल्या. मी काही आठवडे मास्क लावून वावरलो आणि पुढच्या खोलीत एकटा झोपलो.

औषध ९ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाले. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे एकाच गोळीत असतात, आणि किती गोळ्या घ्यायच्या हे वजनावर ठरते; माझ्या वजनाला रोज चार. दोन महिने चार औषधे, त्यानंतरचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. २८ दिवसांचा महिना धरून एकूण १६८ दिवस. पूर्वी सरकारी उपचारात आठवड्यातून तीनदा गोळ्या देत असत. २०१७ पासून देशभर रोजची पद्धत आली. चार औषधे एकाच वेळी का, असे मला अनेकांनी विचारले. जंतूंच्या एवढ्या मोठ्या संख्येत एखाद्या औषधाला दाद न देणारे थोडे जंतू निसर्गतःच असतात. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि ते थोडे जंतू मोकळ्या रानात वाढतात. चौघांना एकाच वेळी चुकवणारा जंतू जवळपास नसतोच. आणि सहा महिने यासाठी की झपाट्याने वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरत असले, तरी मंद गतीने जगणारे, जवळजवळ निजलेले जंतू फार काळ टिकून राहतात.

पहिल्या दिवशी लघवीचा रंग केशरी झाला. तो होणार हे मला आधीच सांगितले होते म्हणून बरे. रिफाम्पिसिनमुळे तसे होते आणि त्यात काही वाईट नाही. पहिले तीन आठवडे मात्र अवघड गेले. सकाळी सहाला उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की दहा वाजेपर्यंत मळमळत असे. आठवड्यानंतर गुडघे आणि घोटे दुखू लागले, जिना उतरताना हात धरावा लागे. ते पायराझिनामाइडमुळे युरिक ॲसिड वाढल्याने होते असे डॉक्टरांनी सांगितले आणि साध्या वेदनाशामकाने ते सुसह्य झाले. हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून रोज पायरिडॉक्सिनची एक छोटी गोळी होती. दृष्टी अंधूक झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखताना गोंधळ झाला तर त्याच दिवशी कळवायचे, कारण इथॅम्ब्युटॉल क्वचित डोळ्यांच्या नसेवर परिणाम करते; आणि डोळे पिवळे दिसले, जेवणावरची वासनाच उडाली, तर गोळ्या थांबवून तडक रुग्णालयात यायचे, कारण यांतली तीन औषधे यकृताला झेपली नाहीत तर कावीळ होते. मला यांपैकी काही झाले नाही. दारू मी घेत नाही, आणि गावातल्या एकाने आणून दिलेला काढाही, त्याचे मन दुखावूनही, मी घेतला नाही.

शाळेत सांगायचे की नाही यावर घरात दोन मते होती. माझ्या धाकट्या भावाचे म्हणणे होते की कावीळ झाली असे सांगून रजा घ्यावी. त्याच्या बोलण्यात माझ्याबद्दलची काळजीच होती, पण नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत खिडक्या लावून घेतलेल्या वर्गात मी रोज पाच तास बोललो होतो, आणि प्रत्येक वर्गात पन्नासच्या आसपास मुले होती. मुख्याध्यापकांना मी सगळे खरे सांगितले. पुढच्याच आठवड्यात आरोग्य कर्मचारी शाळेत आले, खोकला किंवा ताप असलेल्या मुलांची यादी झाली, चौघांची तपासणी झाली आणि सुदैवाने एकालाही आजार निघाला नाही. दोन पालकांनी आपल्या मुलींना माझ्या वर्गात बसवणार नाही असे कळवले. मला वाईट वाटले, परंतु त्यांच्यावर रागवावेसे वाटले नाही. मी त्यांच्या घरी जाऊ शकत नव्हतो म्हणून आशाताई गेल्या, आणि महिन्याभराने मी कामावर रुजू झालो तेव्हा दोन्ही मुली वर्गात होत्या.

ज्या गोष्टीने माझी झोप उडाली होती ती शाळेची नव्हती. माझ्या भावाचा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा होता. रोज संध्याकाळी मी आलो की तो माझ्या मांडीवर येऊन बसे, आणि त्या दोन महिन्यांत तो तसाच बसत होता. एवढ्या लहान मुलाला लागण झाली तर ती फुप्फुसात थांबत नाही, मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकते. त्याच्या दंडावर बीसीजीचा व्रण होता. ही लस १९२१ पासून वापरात आहे आणि लहान मुलांना क्षयाच्या मेंदुज्वरासारख्या भयंकर प्रकारांपासून बऱ्यापैकी वाचवते, म्हणून ती जन्मतःच देतात. मोठ्या माणसाच्या फुप्फुसाच्या क्षयाला मात्र ती थोपवू शकत नाही, हे तमिळनाडूतील चिंगलपेट येथे १९६८ पासून झालेल्या प्रचंड चाचणीत स्पष्ट झाले. तो व्रण पाहून मला थोडा धीर आला, पूर्ण नाही.

घरातल्या सर्वांना प्रश्न विचारून झाले, एक्स-रे निघाले. कोणालाही क्षय नव्हता. आईला मात्र मधुमेह निघाला, आणि तिचे औषध त्याच आठवड्यात सुरू झाले. आजार नाही म्हणजे प्रकरण संपले असे मला वाटले होते, पण तिथून प्रतिबंधाचा भाग सुरू झाला. जंतू शरीरात जाऊनही बहुतेकांना आजार होत नाही, तो वर्षानुवर्षे निजून राहतो, आणि लागण झाल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत तो उठण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. तो निजलेला असतानाच मारायचे औषध आता रुग्णाच्या घरातल्या सर्वांना, मोठ्यांनाही, देतात. काही वर्षांपूर्वी ते मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांपुरते होते. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला, बायकोला, भावाला, भावजयीला आणि आईला आठवड्यातून एकदा, अशा बारा मात्रा मिळाल्या; त्यात आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन ही औषधे असतात. पहिली मात्रा २६ जानेवारीला, रविवारी, मुलगी झेंडावंदनाहून आल्यावर सगळ्यांनी एकत्र बसून जेवणानंतर घेतली. आईने आधी कुरकुर केली, ‘माले काय व्हयनं शे?’ असे ती दोनदा म्हणाली, आणि मग नातवाकडे पाहून गोळ्या घेतल्या. बाळाला वयामुळे ते औषध चालत नव्हते. त्याला सहा महिने रोज आयसोनियाझिडची एक विरघळणारी गोळी चमच्यात द्यायची होती. आजारी नसलेल्या हसऱ्या बाळाला रोज औषध पाजणे किती अवघड असते हे मी भावजयीकडे पाहून शिकलो. ती एक दिवसही चुकली नाही. मी तिच्यासमोर डोळे वर करून बोलू शकत नव्हतो आणि तिने मला एकदाही शब्दाने दुखावले नाही.

आहाराबद्दल थोडे. आई माळकरी असल्यामुळे घरात अंडे येत नाही. त्यामुळे शेंगदाणे, मूग, दूध, उडदाची डाळ आणि ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी यांवरच मी वजन कमावले. आहार ही औषधाला दिलेली नुसती जोड नसून उपचाराचा आणि प्रतिबंधाचाही भाग आहे, हे झारखंडमधील अभ्यासाने २०२३ मध्ये दाखवून दिले: रुग्णांच्या घरच्या माणसांना दरमहा पुरेसे धान्य आणि पोषक पदार्थ दिले, तर पुढच्या दोन वर्षांत त्यांच्यात क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. क्षयरुग्णांच्या आहारासाठी सरकार देत असलेल्या निक्षय पोषण योजनेची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. माझ्यासारख्या पगारदाराला तिच्यावाचून अडत नाही. ज्याला मजुरी बुडवून रुग्णालयात यावे लागते त्याला मात्र ती पहिल्या दोन महिन्यांतच हातात पडायला हवी, कारण वजन याच महिन्यांत भरून यावे लागते.

५ मार्चला दोन महिन्यांचा पहिला टप्पा संपला. थुंकीत जंतू नव्हते, वजन ५४ झाले होते, खोकला गेला होता. एप्रिलमध्ये चुलत बहिणीच्या लग्नासाठी आम्ही शिरपूरला गेलो. पाहुण्यांनी भरलेल्या घरात पाकीट उघडून गोळ्या घेताना कोणी पाहील म्हणून मी त्या घेतल्याच नाहीत, आणि एकदा चुकल्यावर, ‘आता मी बराच आहे की’ असे मनाने म्हणायला सुरुवात केली. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी क्षयरोग कार्यक्रमाचे वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक मोटारसायकलवरून उन्हात माझ्या घरी आले. जळगाव जिल्ह्यातले एप्रिलचे ऊन ज्याने सोसले आहे त्याला दुपारी दोन वाजता तीस किलोमीटर येणे म्हणजे काय ते कळेल. ते रागावले नाहीत. त्यांनी माझी उरलेली पाकिटे मोजली, कार्डावर चार चौकोन रिकामे असल्याचे दाखवले, ते शेवटी भरून काढायचे असे सांगितले आणि पाणी पिऊन पुढच्या गावाला गेले. त्या दिवसापासून सकाळी सहाला आईचा आवाज येई, ‘नाना, गोयी लिधी का?’

त्याच सुमारास रुग्णालयाच्या बाकावर मला एक तरुण भेटला. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा पावरा आदिवासी, दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जाणारा. दोन वर्षांपूर्वी त्यालाही माझ्यासारखाच साधा क्षय झाला होता. तीन महिन्यांत बरे वाटले, टोळीबरोबर जायची वेळ आली, आणि जिथे गेला तिथे गोळ्या कुठून घ्यायच्या हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आता निक्षय क्रमांकावर उपचार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सोपवता येतो, पण त्यासाठी रुग्णाने जाण्याआधी सांगावे लागते आणि त्याला ते माहीत असावे लागते. तो परत आला तेव्हा यंत्राने रिफाम्पिसिनचा प्रतिरोध दाखवला. माझे १६८ दिवस, त्याचे नऊ ते अकरा महिने. त्यात बेडाक्विलिन आणि इतर अनेक गोळ्या, हृदयाचा आलेख वरचेवर काढणे, पायांची आग. तरीही तो म्हणाला की सुया नाहीत हे बरे. त्याला कोणीतरी सांगितले होते की पूर्वी या आजाराला महिनोन्‌महिने इंजेक्शने घ्यावी लागत. ते खरे आहे. त्या इंजेक्शनांनी अनेकांची श्रवणशक्ती गेली. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांची अशीच गेली, आणि त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह बेडाक्विलिनच्या मक्तेदारीची मुदत वाढवण्याला हरकत घेतली. भारतीय पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये ती मुदतवाढ नाकारली. सप्टेंबर २०२४ मध्ये चार औषधांच्या सुमारे सहा महिन्यांच्या नव्या उपचारालाही केंद्र सरकारने मान्यता दिली आहे. म्हणजे औषधे येत आहेत. त्या तरुणाच्या हातातली पिशवी माझ्या पिशवीपेक्षा तिप्पट जड होती, आणि ती तशी होण्याचे कारण शिरपूरला मी जे चार दिवस केले तेच अधिक काळ करणे एवढेच होते. मी त्याला हे सांगितले. तो म्हणाला, ‘तुमच्या घरी साहेब आले, सर. माझ्या पाड्यावर रस्ता नाही.’

त्याच्या या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात २०१५ मध्ये दर लाख लोकांमागे २३७ जणांना वर्षाला क्षय होत असे. २०२४ मध्ये हा आकडा १८७ वर आला आहे. घट खरी आहे आणि तिच्यामागे आशाताईंसारख्यांचे पाय आहेत. पण देशाने क्षयमुक्तीसाठी ठरवलेले वर्ष २०२५ होते, आणि १८७ हा आकडा त्या उद्दिष्टापासून फार दूर आहे. यंत्र तालुक्यापर्यंत आले आहे. माझा खोकला ज्या दोन दवाखान्यांतून फिरत यंत्रापर्यंत पोहोचला, ते अंतर माझ्या घरापासून अवघे बावीस किलोमीटर होते आणि ते कापायला नऊ आठवडे लागले.

२९ जूनला, चार चुकलेले दिवस भरून काढून, मी शेवटच्या गोळ्या घेतल्या. वजन ५८ झाले होते. शेवटची थुंकी निर्दोष होती. जुलैअखेर बाळाची सहा महिन्यांची मात्रा पूर्ण झाली; भावजयीने रिकामी पाकिटे रद्दीत न टाकता आशाताईंना मोजून दिली. उपचार संपल्यावरही दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचे असते, कारण आजार उलटतो तो बहुधा याच काळात. पहिली तपासणी डिसेंबरच्या शेवटी झाली. एक्स-रेवर ढगाच्या जागी आता बारीक रेघांचा व्रण आहे आणि तो कायम राहील. तंत्रज्ञाने पुन्हा तशीच डबी दिली. मी रुग्णालयाच्या मागच्या कडुनिंबाखाली उभा राहून, खोल श्वास घेऊन, अगदी तळापासून चार-पाच वेळा खोकलो. बेडका आलाच नाही. रिकामी डबी परत दिली तेव्हा त्याने कार्डावर तशी नोंद केली आणि जूनची तारीख लिहून दिली.